विसण कुठाय?

मराठी माणसाच्या आंघोळीचा पहिला मंत्र ‘हर हर गंगे’ नव्हे, ‘विसण कुठाय?’ हा आहे. गंगेची पाळी नंतर. आधी बादलीतल्या कढत पाण्यात बोट बुडवायचं, ‘आई गं’ म्हणायचं आणि मग न्हाणीघराचं दार न उघडता, आतूनच, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विसणाची चौकशी करायची. पाणी कढत हवं, वाफ निघत असलेलंच हवं, पण त्या पाण्याने आंघोळ करायची नाही. त्यात गार पाणी ओतून ते अंगाला सोसेलसं करायचं आणि मग ‘आज पाणी काही नीट तापलं नव्हतं’ असं म्हणत बाहेर यायचं. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा मुळात पाणी बेताचंच तापवावं, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला सुचलेलं नाही. कोणाला सुचलं असेल तर ती नवी सून असणार आणि तिला कोणी विचारलं नसणार.

आम्ही पाणीगेटचे. बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी आणि पूर्वेला आमचा पाणी दरवाजा, मधोमध मांडवी. आजव्याचा रस्ता आमच्याकडूनच निघतो, आणि सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलेल्या त्या आजव्याच्या सरोवराचं पाणी शहर पीत आलं आहे. त्यामुळे पाणी या विषयावर बोलायचा वंशपरंपरागत हक्क आपल्यालाच आहे असं पाणीगेटच्या माणसाला वाटतं. गल्लीत संध्याकाळी ओट्यावर बसणारी मंडळी राजकारणावर चार मिनिटं बोलतात आणि पाण्यावर तासभर. कोणाकडे सकाळी धार बारीक होती, कोणाची मोटर जळली, कोणाच्या टाकीत कबूतर पडलं. अशा वस्तीत ‘आम्ही गरम पाण्यात बसायला हंगेरीला जाणार आहोत’ असं जाहीर करणं म्हणजे स्वतःहून पायावर धोंडा पाडून घेणं.

पण ते जाहीर झालं. माझी भाची बुडापेस्टला नोकरी करते. तिने माझ्या काकांच्या गुडघ्यांविषयी ऐकलं होतं. काकांच्या गुडघ्यांविषयी ऐकलं नाही असा माणूस आमच्या नात्यात नाहीच. पाऊस कधी येणार हे आमच्या घरात रेडिओच्या आधी त्या गुडघ्यांना कळतं. लग्नाचा मुहूर्त काढताना कार्यालयाला जिने किती आहेत हे आधी विचारलं जातं, मग गुरुजींना पंचांग उघडायला सांगतात. तर भाचीने फोनवर सांगितलं की तिकडे हेवीझ नावाचं एक लहानसं गाव आहे, तिथे अख्खं तळंच गरम पाण्याचं आहे, आणि युरोपभरातले दुखरे गुडघे तिथे येऊन तरंगतात. तिने तरंगणाऱ्यांचे फोटोही पाठवले.

ओट्यावर फोटो हातोहात फिरला. समोरच्या किराणा दुकानाच्या शेठनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला. त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा होता, दुसरा कपड्यांचा. मग ते म्हणाले, “गरम पाणीमां नहावा माटे विमानमां जवानुं? मे महिनामां मारी अगासी पर आवी जाव ने!”

यात अतिशयोक्ती नाही. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोन वाजता कोणी सोडलं तर आधी किंकाळी ऐकू येते आणि मग नळ बंद झाल्याचा आवाज. हेवीझच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात तेहतीस ते अडतीस अंशांपर्यंत असतं. शास्त्रीय दृष्टीने पाहता आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर हंगेरीपेक्षा सरस दर्जाचं उष्ण स्नान उभं आहे. फक्त त्याला विसण नाही, कारण मेमध्ये खालच्या हौदातलंही पाणी गार राहत नाही.

शेवटी काकूंनी तोड काढली. “आधी आपल्याकडचे देव, मग त्यांच्याकडची तळी.” म्हणजे हंगेरीला जायचं तर जा, पण त्याआधी तुवा आणि उनाई. घरच्या कुंडांना डावलून परमुलखात बुडी मारली तर देवी काय म्हणेल? देवीचं काय व्हायचं ते होवो, काकू काय म्हणतील हे आम्हाला ठाऊक होतं.

तुव्याचं लवकर आटोपतं. हे गाव पंचमहालात, गोध्र्याजवळ. तिथे बरीच लहान लहान कुंडं आहेत, आणि गंमत अशी की एका कुंडातलं पाणी हात घालवत नाही इतकं तापलेलं, तर बाजूच्या कुंडातलं पार निवलेलं. भीम आणि हिडिंबेची गोष्ट लोक या जागेशी जोडतात. काकांनी ती गोष्ट लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलं, “भीमाला गुडघ्यांचा त्रास होता का?” नव्हता म्हटल्यावर त्यांचा रस संपला. मला मात्र तुवा फार आवडलं. तिथल्या एका आजोबांनी आम्हाला पद्धत समजावून सांगितली: या कुंडातून एक डोल, त्या कुंडातून अर्धी डोल, आणि मग अंगावर. म्हणजे साक्षात निसर्गाने विसणाची सोय करून ठेवलेली! पृथ्वीच्या पोटात कोणी मराठी गृहिणी बसली असावी अशी शंका यावी.

उनाईची कथा मोठी आहे, आणि ती कुंडापाशी सुरू होत नाही, बिलिमोऱ्याला सुरू होते.

बडोद्याहून मुंबईच्या गाडीने सुरत, नवसारी ओलांडून बिलिमोऱ्याला उतरायचं आणि तिथून वाघईची छोटी गाडी धरायची. अडीच फूट रुंदीचे रूळ, त्रेसष्ट किलोमीटरचा मार्ग, आणि तो १९१३ साली सुरू केला गायकवाड सरकारने. डांगातलं सागवान लाकूड समुद्राकडे आणायचं, हा त्यामागचा हिशेब. बडोद्याच्या राजघराण्याला छोट्या रेल्वेचा नाद जुनाच. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई ते मियागाम रूळ टाकले तेव्हा त्यांवर गाडी ओढायला बैल जुंपले होते. पुढे इंजिनं आली. वाघईच्या गाडीलाही पूर्वी वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं. पण बैलांची आठवण ती अजून विसरलेली नाही, असं वेगावरून वाटतं. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. गणदेवी, चिखली रोड, रानकुवा, धोलीकुवा, अनावल अशी स्टेशनं येतात आणि जातात असं म्हणणं चुकीचं ठरेल. ती येतात आणि बसतात. रानकुव्याला एक गृहस्थ उतरले, फाटकापलीकडच्या टपरीवर चहा घेतला, पैशांवरून हुज्जत घातली, जिंकली आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसले. गाडीने त्यांना कसलीच घाई केली नाही.

ही गाडी २०२० साली करोनात थांबली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती कायमची बंद करायचं ठरलं. मग दक्षिण गुजरातेतल्या लोकांनी आरडाओरडा केला, आणि सप्टेंबर २०२१मध्ये ती पुन्हा धावू लागली. धावू म्हणजे, तुम्हाला कळलं. तेव्हा तिला मोठ्या काचांचा एक थंडगार डबाही जोडला. काकूंनी त्या डब्याकडे पाहून विचारलं, “गरम पाण्याला जायचं आणि वाटेत गारठायचं कशाला?” आम्ही साध्या डब्यात बसलो. समोर कुकणा बायका होत्या, डोक्यावरची गाठोडी मांडीवर घेतलेल्या. त्यांच्या बोलीतले निम्मे शब्द आम्हाला कळत होते आणि आमच्या मराठीतले निम्मे त्यांना. बाकीचं काम थेपल्यांनी भागवलं. अर्ध्या तासात काकूंनी त्यांच्यापैकी थोरल्या बाईला सुनेविषयी तक्रार कशी करावी हे सांगितलं आणि बदल्यात नागलीच्या भाकरीचं पीठ कसं मळावं हे शिकून घेतलं. सून, म्हणजे आमची ही, शेजारीच बसली होती.

उनाई नवसारी जिल्ह्यातल्या वांसदा तालुक्यात येतं. शरभंग ऋषींचं दुखणं बरं व्हावं म्हणून रामाने जमिनीत बाण मारला आणि ऊन पाणी वर आलं, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्रवाल्यांची कथा याहून कोरडी. पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतून खोल खोल जातं, तिथे तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा भेगांची एक रांगच आपल्या पश्चिम किनाऱ्याने गेली आहे. उनाईपासून निघालं की पालघरमधलं कोकनेर आणि सातिवली, मग वज्रेश्वरीजवळची अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातलं उन्हवरे, तुरळ, राजापूर. वसईच्या लढाईत चिमाजी अप्पा जिंकले आणि त्यांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं ही गोष्ट १७३९ची. म्हणजे पेशव्यांच्या फौजांनासुद्धा ऊन पाण्याचं वावडं नव्हतं. लढाईनंतर अंग ठणकतंच.

कुंडावर पोचलो की पहिल्यांदा वास येतो. गंधकाचा. आमच्या डब्यातले एक कट्टर शाकाहारी शेठ, ज्यांच्या घरात लसूणसुद्धा वर्ज्य, ते नाकाला रुमाल लावून छातीठोकपणे म्हणाले, “उकडलेल्या अंड्याचा वास येतोय.” त्यांना कसं कळलं हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. त्यांच्या सौभाग्यवतींनी मात्र त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं तपमान मोजायला हवं होतं.

बायकांचं स्नान वेगळं, पुरुषांचं वेगळं. कुंडाकाठी साबण लावू नका, कपडे धुऊ नका असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचता वाचता लोक शांपूची पुडी दाताने फाडत असतात. आंघोळ कशी, तर एक पाय पाण्यात, तो भाजला म्हणून वर, मग दुसरा पाय, तोही वर, मग ‘हर हर गंगे’च्या आरोळीत एकदम तीन तांबे, आणि संपलं. मागचा माणूस पंचा खांद्यावर टाकून उभाच असतो. ओल्या अंगाने देवीसमोर, प्रसाद, नारळ, मग जेवायला कुठे बसायचं याची चर्चा. शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेलं माणूस त्या पाण्यात जेमतेम पाच मिनिटं असतं. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला तर तेवढीही मिळत नाहीत; डांगातून, सुरतेकडून, नाशकाकडून आदिवासी मंडळी नुसती लोटलेली असतात.

त्या गर्दीत एकच माणूस मला घाईत दिसला नाही. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उजव्या गुडघ्यावर तांब्याची बारीक धार धरायचे, संपली की पुन्हा तांब्या भरून डाव्या गुडघ्यावर. चेहऱ्यावर हिशेबनिसाची एकाग्रता. काका अर्थातच जाऊन त्यांच्याशेजारी बसले. दोन जोड्या गुडघ्यांची ओळख झाली. गृहस्थ जवळच्याच गावचे होते आणि तरुणपणापासून दरवर्षी येत होते.

“मग बरे झाले का गुडघे?” काकांनी विचारलं.

“बरे झाले असते तर आलो कशाला असतो?”

काकांना हे उत्तर फार पटलं. मग दोघे बराच वेळ काही न बोलता धार धरून बसले. दरम्यान काकू पलीकडून “आटपा, गाभारा बंद होईल” असा पुकारा करत होत्या.

ज्या सयाजीरावांनी ही वाघईची रेल्वे बांधली ते स्वतः प्रकृतीसाठी युरोपला जायचे. निद्रानाशाने गांजलेले महाराज १८८७ साली पहिल्यांदा तिकडे गेले ते डॉक्टरी सल्ल्यावरूनच, आणि पुढे त्या वाऱ्या आयुष्यभर चालू राहिल्या. पण हा माणूस विश्रांतीला गेला तरी डोळे मिटून बसणारा नव्हता. तिथलं जे जे चांगलं दिसेल ते बडोद्यात कसं आणता येईल हेच डोक्यात. सक्तीचं शिक्षण, गावोगाव वाचनालयं, संग्रहालय, बागा. मला राहून राहून वाटतं की महाराजांनी एक गोष्ट मात्र तिथून आणली नाही: पाण्यात निवांत पडून राहण्याची कला. आणायची तर आधी स्वतःला यायला हवी होती, आणि ज्याला झोपच लागत नाही त्याला पडून राहणं कसं जमणार? १९१३ साली आमची छोटी गाडी वाघईकडे निघाली, त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये सेचेन्यी नावाचं भलंमोठं स्नानगृह उघडलं. तिथे आजही म्हातारे लोक छातीपर्यंत गरम पाण्यात बसून बुद्धिबळ खेळतात. पुढे आम्ही हंगेरीला गेलो तेव्हा भाचीने आम्हाला ते दाखवलं. एका चालीला इतका वेळ लागत होता की काकांना राहवेना. “उंट काढ की!” ते काठावरून मराठीत म्हणाले. समोरच्या माणसाने काही वेळाने उंटच काढला. काका दिवसभर खूश होते.

तर हेवीझ. बुडापेस्टहून पश्चिमेला, बालाटोन नावाच्या मोठ्या सरोवराच्या टोकाशी, पाच हजारांहूनही कमी वस्तीचं गाव. गावाचं दैवत म्हणजे ते तळं. साडेचार हेक्टरच्या आसपास, आपल्या हिशेबाने जवळजवळ अकरा एकर, आणि मध्ये अडतीस मीटर खोल. सरदार फेस्टेटिक्स यांनी १७९५ साली इथे पहिली स्नानाची व्यवस्था केली. आता तळ्याच्या मधोमध खांबांवर उभी लांबलचक इमारत आहे, तिला टोकदार छपरं, आणि तिच्यातूनच पाण्यात उतरायच्या पायऱ्या. तळाशी एक गुहा आहे. पाणबुड्यांनी १९७५ साली ती शोधली. तिच्यात एका बाजूने एकेचाळीस अंशांचा झरा येतो आणि दुसऱ्या बाजूने सव्वीस अंशांचा. दोन्ही तिथेच एकत्र होतात आणि मग वर येतात. हे भाचीने सांगितलं तेव्हा काकूंनी हात जोडले. “बघ, इथेसुद्धा विसण घालूनच देतात. उगाच नाही म्हणत देव एक आहे.”

पाण्याचा जोर इतका की सगळं तळं तीन-साडेतीन दिवसांत नवं होतं. हिवाळ्यात बाहेर बर्फ असलं तरी पाणी बावीस-चोवीस अंशांखाली जात नाही. आणि पाण्यावर लाल कमळं फुललेली असतात. ती कमळं, पाटीवर लिहिलंय, मूळची भारतातली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका प्राध्यापकाने ती तिथे लावली, आणि गरम पाणी मानवल्यामुळे ती टिकली. सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेल्या या नातलगांकडे पाहून काकूंना भरून आलं. त्या कमळांना परदेशी हवा लागली होती हे खरं. एकही देवाला वाहिलेलं नव्हतं.

कपड्यांचा प्रश्न आला. पंचा चालणार नाही असं भाचीने निक्षून सांगितलं होतं. काकांनी बडोद्याहून आणलेली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी चालली. वर जानवं. काकूंसाठी पोहण्याचा अंगभर पोशाख आणला होता. तो घालून त्या बाहेर आल्या तेव्हा कोणीही त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही, आणि हाच त्यांना मोठा धक्का होता. साठ वर्षं ज्यासाठी पदर सावरला, ते पाहायला इथे कोणाला फुरसतच नव्हती. एकजण स्वतःचं पोट पाण्यावर ठेवून आकाशाकडे पाहत होता. एक आजीबाई रबरी चाकात बसून कादंबरी वाचत होत्या. दोघे जाड गृहस्थ लाकडी दांड्याला धरून लोंबकळत होते आणि बोलत नव्हते. तळाला पाय टेकत नाहीत, म्हणून प्रत्येकाकडे काही ना काही तरंगतं असतं. आणि ही सगळी मंडळी वरणातल्या चकोल्यांसारखी हळूहळू एका बाजूने दुसरीकडे जात होती. कोणी कोणाला ‘आटपा’ म्हणत नव्हतं. तिकीटच मुळी तासांचं. तीन तासांचं काढलं होतं; काकूंनी आल्याआल्या विचारलं, “तीन तास करायचं काय?”

“काही नाही.”

“म्हणजे?”

याचं उत्तर भाचीला मराठीत देता येईना. इतक्या वर्षांत मराठीत हे कोणाला सांगायची वेळच आली नसावी.

हेवीझमधली एक तऱ्हा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. कारोय मोल यांनी १९५३ साली इथे एक उपचार शोधला. त्याचं नाव वजनस्नान. रोग्याला मानेभोवती आधार अडकवून खोल पाण्यात उभं टांगतात आणि कमरेला शिशाची वजनं बांधतात. पाण्यात शरीर हलकं होतं, वजनं खाली ओढतात आणि दबलेले मणके मोकळे होतात. कल्पना अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण पाण्याबाहेर नुसती एका रांगेत डोकी दिसतात, सगळी गळ्याने टांगलेली, सगळी समाधानी. काकांनी हे दृश्य पाहिलं आणि आपल्याला फक्त गुडघ्यांचा त्रास आहे, पाठीचा अजिबात नाही, असं डॉक्टरांनी न विचारताच तीनदा सांगितलं.

हंगेरीत अशा उपचारांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, ती मिळाली तर सरकारी विम्यातून काही खर्चही सुटतो, आणि तळ्याच्या काठीच संधिवाताचं मोठं इस्पितळ आहे. म्हणजे तिकडे माणूस डॉक्टरच्या हुकमावरून पाण्यात बसतो आणि आपल्याकडे देवीच्या. हुकूम लागतोच. कारणाशिवाय दुपारी पाण्यात पडून राहायला कोणत्याही देशाचा भला माणूस लाजतो. फरक एवढाच की डॉक्टर म्हणतो, वीस मिनिटं हलू नका. आणि आपली देवी काही बोलत नाही, त्यामुळे तिच्या वतीने काकू बोलतात.

पाण्यात काकांच्या शेजारी एक जर्मन आजी तरंगत होत्या. भाचीच्या मध्यस्थीने संभाषण झालं. आजी दरवर्षी येतात. परदेशातून येणाऱ्यांत इथे जर्मनी-ऑस्ट्रियाकडची माणसं पुष्कळ.

“गुडघे बरे झाले का?” काकांनी विचारलं.

आजी हसल्या आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. भाचीने तर्जुमा करायच्या आत काका म्हणाले, “नको सांगूस. मला कळलं.”

बाहेर आल्यावर लांगोश खाल्लं. तेलात तळलेली मोठी फुगीर पोळी, तिच्यावर लसूण चोळलेला, त्यावर आंबट साय आणि किसलेलं चीज. काकूंनी एक तुकडा खाऊन पिशवीतून लोणच्याची बाटली काढली, आणि मग तो पदार्थ पुरा झाला. टपरीवाल्याने वास घेऊन बाटली मागितली. दिली नाही. अजून पंधरा दिवस काढायचे होते.

आता पाणीगेटला निकाल काय सांगायचा हा प्रश्न होता. ओट्यावर सगळे जमले. शेठ म्हणाले, “तो बोलो, घूंटण केम छे?” काकांनी उठून दाखवलं, बसून दाखवलं, परत उठले. तेवढं उठता-बसता त्यांना आधीही येत होतं, पण त्या दिवशी कण्हले नाहीत. मग म्हणाले, पाणी उनाईचं कडक, हेवीझचं बेताचं. देऊळ उनाईचं चांगलं, पायऱ्या हेवीझच्या चांगल्या. जेवण उनाईचंच. मात्र बसायला मिळालं ते हेवीझला. तिथे माझे गुडघे तीन तास दुखले नाहीत, कारण तीन तास मला कोणी उठवलं नाही.

काकूंनी आतून विचारलं, “काय म्हणताय?”

“काही नाही,” काका म्हणाले. हे त्यांनी हेवीझहून शिकून आणलं होतं.

तेव्हा वाचकहो, हंगेरीला जाणं जमेल न जमेल, उनाई मात्र जमवा. चैत्री पौर्णिमा टाळून जा, दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. बिलिमोऱ्याची गाडी त्या दिवशी आहे ना, हे निघायच्या आधी बघून घ्या. साबण घरी ठेवा, पंचा न्या. वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्याला पायरीवर बसवा, हातात तांब्या द्या आणि निदान अर्धा तास त्याला हाक मारू नका. परतीची गाडी चुकेल अशी भीती बाळगू नये. ताशी वीस किलोमीटरने जाणारी गाडी पुढच्या स्टेशनावर रिक्षाने गाठता येते.